दर्या, दऱ्या आणि काळा पडदा

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात दिवाळी अंकांची पहिली प्रुफं माझ्याकडे आली. मी मुद्रितशोधन करते. दिवाळी अंकांचा हंगाम म्हणजे गणपतीच्या आधीपासून नवरात्र संपेपर्यंत रोज रात्री एक-दीडपर्यंत बसणं. दिवस घरात, आईत आणि दुपारच्या शिकवण्यांत जातो. साताऱ्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पावसाळ्यात ओल येते, म्हणून माझं टेबल आतल्या खोलीत, आईच्या कॉटच्या पायथ्याशी असतं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. रात्री डोळ्यावर प्लास्टिकचं कवच चिकटवायचं आणि ऑपरेशन झालेल्या बाजूच्या कुशीवर झोपायचं नाही. दुसऱ्याच रात्री बाराच्या सुमारास मी मागे वळून पाहिलं, तर आई नेमकी उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपलेली. डावा डोळा उघडा होता आणि माझ्या पडद्याचा पांढरा झोत थेट तिच्या उशीवर पडत होता. ती मला काहीच बोलली नव्हती. नुसती कूस बदलली होती. मी तिला हलकेच सरळ केलं, लॅपटॉप मिटला आणि अंधारात बसून राहिले. काम थांबवणं शक्य नव्हतं आणि उजेड चालू ठेवणंही शक्य नव्हतं.

पडद्याचा उजेड बटणाने अगदी तळाला नेऊन पाहिला. पांढरा कागद करडा झाला, पण त्यावरची काळी अक्षरंही त्याच्याबरोबर विझली. मला चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर आहे, म्हणजे रेघा कडांनी धूसर दिसतात. मंद उजेडात अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, हे ठरवायला मी पडद्याला नाक लावायला लागले. तेव्हा ठरवलं की आता सगळा डेस्कटॉपच काळा करायचा.

काळा पडदा माझ्यासाठी नवा नव्हता. १९९५-९६च्या सुमारास मी ज्या छापखान्यात अक्षरजुळणी शिकले, तिथे पुण्याच्या सी-डॅक या शासकीय संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड, म्हणजे संगणकावर भारतीय लिप्या उमटवणारं कार्ड, बसवलेला एक संगणक होता. काळ्या पडद्यावर उजळ देवनागरी अक्षरं उमटायची आणि आम्ही इन्स्क्रिप्टचा कळफलक पाठ करायचो. तो कळफलक अजून माझ्या बोटांत आहे. पडदा कागदासारखा पांढरा आणि अक्षर काळं ही कल्पना संगणकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या १९७३च्या आल्टो या संगणकापासून रुजत गेली. आपल्याकडच्या छोट्या छापखान्यांत ती खिडक्यांचे, म्हणजे विंडोजचे, संगणक आले तेव्हा पोचली. म्हणजे मी पुन्हा जुन्या पडद्याकडे निघाले होते. फरक एवढाच की तेव्हा मला प्रुफं वाचायची नव्हती, फक्त टाइप करायचं होतं. हा फरक किती मोठा आहे ते पुढे कळलं.

माझा लॅपटॉप १४ इंची, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा, ४ जीबी रॅमचा. भाच्याने त्यात विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालून दिली आहे, त्यातलं एक्सएफसीई हे हलकं डेस्कटॉप. पहिल्या रात्री काम फार सोपं वाटलं. सेटिंग्जमध्ये ‘अपिअरन्स’ उघडलं, यादीतून नेटवरून उतरवलेली ‘आर्क-डार्क’ ही गडद थीम, म्हणजे खिडक्यांच्या रंगरूपाचा संच, निवडली आणि क्षणात फाइलींची खिडकी, मेनू, सगळं गडद झालं. मागे वळून पाहिलं तर आईच्या उशीवर आता फिकट छाया होती. खूप बरं वाटलं.

पण काम सुरू केलं आणि पांढरी बेटं दिसायला लागली. खिडकीची वरची पट्टी पांढरी. एक पीडीएफ वाचायचं साधन पांढरं. सॉफ्टवेअर बसवायची खिडकी उघडली ती तर डोळ्यांत टॉर्च मारावा तशी. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना अचानक आलेला पांढरा चौकोन जास्त लागतो. आईनेही मान हलवली. मी पुण्याला भाच्याला फोन लावला.

“मावशी, तू एकच रंग बदललास. डेस्कटॉप एकाच्या हातचा नसतो,” तो म्हणाला.

त्याने जे समजावलं ते मी वहीत लिहून घेतलं, कारण कोणती खिडकी का ऐकत नाही हे कळल्याशिवाय नुसती बटणं दाबण्यात अर्थ नव्हता. बटणं, याद्या, मेनू रेखाटण्याचं काम प्रत्येक प्रोग्राम स्वतः करत नाही. तो ते एखाद्या तयार लायब्ररीकडून करून घेतो. माझ्या मशीनवरचे बहुतेक प्रोग्राम जीटीके नावाच्या लायब्ररीवर चालतात, आणि मी निवडलेली थीम तिलाच लागू होती. खिडकीची चौकट आणि वरची पट्टी हे खिडकी-व्यवस्थापकाचं काम. त्याची थीम ‘विंडो मॅनेजर’ या वेगळ्या जागी निवडायची. काही प्रोग्राम क्यूटी या दुसऱ्या लायब्ररीचे. त्यांच्यासाठी क्यूटी-५-सीटी नावाचं छोटं साधन बसवून त्यात गडद रंग द्यायचे. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचे नवे प्रोग्राम थीम बघतच नाहीत, ते फक्त ‘गडद आवडतं’ की ‘फिकट आवडतं’ एवढी एक पसंती वाचतात. ती २०२२ सालच्या ग्नोम ४२पासून डेस्कटॉपभर लागू होणारी सोय आहे. भाच्याने फोनवर एक ओळ सांगितली, मी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती टाइप केली, आणि दोन हट्टी खिडक्या निमूट काळ्या झाल्या.

सॉफ्टवेअर बसवायच्या खिडकीचं कारण मला सगळ्यात आवडलं. मी नेटवरून उतरवलेली आर्क-डार्क ही थीम माझ्या घरच्या फोल्डरात, ‘थीम्स’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवली होती. नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की फोल्डर लपतं. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतं. पण सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम माझ्या नावाने चालत नाही, तो व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालतो, आणि त्याच्या घरात माझी थीम नसते. लॉग-इनच्या पडद्याचंही तेच. तिथे अजून मी आत आलेलीच नसते, तर माझ्या फोल्डरातलं त्याला कुठून दिसणार? उपाय सरळ: थीम माझ्या फोल्डरातून उचलून सगळ्यांसाठीच्या सामायिक फोल्डरात ठेवायची. ठेवली. फ्लॅटपॅकने बसवलेला एक प्रोग्राम तरी पांढराच राहिला. फ्लॅटपॅक प्रत्येक प्रोग्रामला बंदिस्त खोलीत ठेवतं आणि त्या खोलीतून सामायिक फोल्डरातली थीमही दिसत नाही. तीच थीम फ्लॅटपॅकच्या भांडारातून वेगळी बसवावी लागते.

यात तीन रात्री गेल्या, तासभर एकेक. चौथ्या रात्री माझं डेस्कटॉप कडेकोपऱ्यापर्यंत काळं होतं. आई सरळ झोपली होती. मी एका अंकातला सह्याद्रीच्या भटकंतीवरचा लेख वाचायला घेतला, अकरा पानांचा, आणि दीड वाजता संपवला.

सकाळी सवयीप्रमाणे त्याचा प्रिंट काढून उन्हात वाचला. दुसऱ्याच पानावर ‘सह्याद्रीच्या खोल दर्या’. दर्या म्हणजे समुद्र! लेखकाला दऱ्या म्हणायचं होतं. पुढे ‘पायर्या’, त्याच्याही पुढे ‘खोर्यात’. एका लेखात तीन ठिकाणी मी तो फरक पाहिलाच नव्हता. मजकूर जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातून रूपांतरित होऊन आला की ‘ऱ्य’चं ‘र्य’ होणं हा नेहमीचा अपघात आहे. मी वर्षानुवर्षं तो पकडत आले आहे. त्या रात्री तो माझ्या डोळ्यांखालून तीनदा गेला.

मला फार लागलं ते. प्रुफं वाचणाऱ्या माणसाकडे डोळ्यांखेरीज दुसरं भांडवल नाही. थकवा म्हणून सोडून देता आलं असतं, पण त्याच लेखात मी विरामचिन्हांच्या बारीक चुका बरोबर पकडल्या होत्या. मग नेमकं हेच का सुटलं? त्या संध्याकाळी मी तोच परिच्छेद एकदा पांढऱ्यावर काळा आणि एकदा काळ्यावर पांढरा असा उघडला, दोन्हींची पडदाचित्रं काढली आणि ती आठपट मोठी करून शेजारी ठेवली.

चित्रं बोलकी होती. पडद्यावरचं अक्षर चौकोनी ठिपक्यांचं असतं. जाड रेघ ठिपके पूर्ण भरते. बारीक रेघ एखादा ठिपका अर्धाच व्यापते, मग तो ठिपका मधला करडा रंगवला जातो. संगणकाच्या ० ते २५५ या मापात मधला करडा म्हणजे १२८. पण हे माप प्रकाशाचं सरळ माप नाही. १२८चा ठिपका पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश देत नाही, सुमारे २२ टक्केच देतो. पांढऱ्या कागदावर याचा फायदा होतो: अर्धा भरलेला ठिपकाही बराच काळा दिसतो आणि बारीक रेघ भरीव वाटते. काळ्या कागदावर तोच हिशेब उलटतो. अर्धा ठिपका उजळायला हवा तेवढा उजळत नाही, आणि बारीक रेघ विझते.

आता देवनागरीत बारीक काय असतं? ‘ऱ्य’मधली ‘य’च्या आधीची ती वळलेली छोटी रेघ. वेलांटीचं टोक. रफाराची शेपटी. पोटफोड्या ‘ष’मधली तिरकी रेघ. आणि जाड काय असतं? शिरोरेघ, शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. म्हणजे काळ्या पडद्यावर शिरोरेघ झळझळत होती, आणि ज्या खुणांवर अर्थ उभा असतो त्या तिच्या वर आणि खाली विझत होत्या. त्यात माझा सिलिंड्रिकल नंबर. अंधारात बाहुली मोठी होते, बाहुली मोठी झाली की डोळ्याचा दोष जास्त जाणवतो, आणि उजळ रेघ कडांनी पसरते. शिरोरेघ पसरून ‘दर्या’चा रफार आणि तिच्यातली फट गिळत होती. रोमन लिपीत वाचणाऱ्याला ही अडचण या रूपात येणार नाही; त्यांच्या शब्दांवर छप्पर नसतं.

हे कळल्यावर सगळं काम उलट्या बाजूने करायचं ठरवलं. आधी अक्षर, मग त्याला सोसेल तेवढा अंधार.

पहिला प्रश्न फॉन्टचा. आधीचा फॉन्ट एकाच जाडीचा होता आणि ती जाडी कागदासाठी ठीक होती. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाचा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट सात जाड्यांमध्ये मिळतो. नोटो सॅन्स देवनागरीतही भरपूर जाड्या आहेत. मी दोन्ही उतरवले आणि एक चाचणीचा परिच्छेद बनवला. त्यात दर्या-दऱ्या, आचार्यांना-आचाऱ्यांना, दिन-दीन, त्यांनी-त्यानी, षष्ठी, तऱ्हा, कुऱ्हाड, ज्ञानेश्वर, शृंगार असे मुद्दाम निवडलेले शब्द. रात्री दिवा बंद करून, नेहमीच्या अंतरावर बसून, प्रत्येक फॉन्टात तो वाचला. मुक्ताची मध्यम जाडी, म्हणजे नेहमीच्यापेक्षा एक पायरी वरची, मला सगळ्यात बरी वाटली. त्याहून जाड घेतलं की जोडाक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या भरायला लागल्या. ‘ष्ठ’ तर गोळाच झाला.

मग अपिअरन्समधला ‘हिंटिंग’ नावाचा एक पर्याय. अक्षराच्या रेघा ठिपक्यांच्या जाळीला किती घट्ट चिकटवायच्या ते त्यावर ठरतं. माझ्याकडे ते पूर्ण होतं, त्यामुळे ११ आकाराला शिरोरेघ एक ठिपका जाड आणि १२ला एकदम दोन. ‘स्लाइट’वर आणलं, आकार १३ केला, आणि शिरोरेघ मऊ झाली. या एका बदलाने जे झालं ते कुठल्याही रंगाने झालं नव्हतं.

ब्राउझर वेगळा. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकीत लिपीवार फॉन्ट ठरवता येतात. तिथल्या यादीत देवनागरी निवडून मुक्ता दिला आणि किमान आकारही ठरवला. संकेतस्थळांना ‘मला गडद आवडतं’ हे फायरफॉक्स आपण होऊन कळवतं. ज्यांनी तशी सोय केली आहे ती काळी होतात, बाकीची पांढरीच येतात. बाकीच्यांना बळजबरीने काळं करणारं डार्क रीडर हे जोडसाधन आहे, पण ते मी शब्दकोश बघताना बंद ठेवते, कारण त्याने रंग उलटले की कोशातल्या फिकट व्याकरणखुणा हरवतात.

रंगांवर मी एक पूर्ण रविवार घालवला. शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं म्हणजे २१ ला १ असा उजेडाचा फरक. या मापात याहून जास्त फरक शक्यच नाही. वेबसाठीच्या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि अधिक काटेकोर पातळीवर ७ ला १ मागतात. मला वाटलं होतं जितका फरक जास्त तितकं वाचन सोपं. अंधाऱ्या खोलीत ते खरं ठरलं नाही; २१ ला १वर शिरोरेघ सुरीसारखी लागत होती. उतरत उतरत मी पार्श्वभूमीला लाल-हिरवा-निळा तिन्ही ४३ आणि अक्षराला तिन्ही २०८ इथे थांबले. हिशेब केला तर सुमारे ९ ला १. पार्श्वभूमी शुद्ध काळी न ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. माझा पडदा एलसीडी आहे, त्याच्या मागचा दिवा काळ्या चित्रातही जळतच असतो. शुद्ध काळं दिलं तरी अंधारात तो करडाच चमकतो. मोबाइलच्या ओएलईडी पडद्यावर काळा ठिपका खरोखर विझतो आणि बॅटरीही वाचते, ते इथे होत नाही. म्हणून मागचा दिवा बटणाने कमी करणं आणि थीम गडद करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

थीमच्या रंगांना हात घालण्यासाठी जीटीकेच्या सेटिंगच्या फोल्डरात एक सीएसएस फाइल, म्हणजे रंगरूपाचे नियम लिहिलेली फाइल, ठेवता येते. मी आधी नुसती रंगांची नावं बदलून पाहिली. काहीच झालं नाही, कारण थीममध्ये रंग नावांनी न लिहिता थेट आकड्यांनी लिहिले होते. मग जीटीकेचा तपासनीस उघडला. चालू खिडकीतल्या कुठल्याही भागावर टिचकी मारली की त्या भागाचं नाव तो सांगतो आणि तिथेच रंग बदलून दाखवतो. त्याच्या मदतीने मजकुराची जागा, टाइप करायचे चौकोन आणि निवडलेला मजकूर एवढ्या तीनच गोष्टींचे नियम लिहिले. निवडलेल्या मजकुराला गडद हिरवा दिला; आधीच्या निळ्यावर अनुस्वार दिसत नव्हता.

एवढं झालं आणि वाटलं, आता फक्त वाचायचं.

गणपती बसले त्या आठवड्यात एक दीर्घकविता आली. मी हस्तलिखितं ज्यात उघडते त्या लिब्रेऑफिसचे मेनू तर काळे होतेच, मी ‘अ‍ॅप्लिकेशन कलर्स’मध्ये जाऊन कागदाचा रंगही गडद केला होता. कविता उघडली, दोन कडवी, मग मोठी मोकळी जागा, मग शेवटचं कडवं. मला वाटलं कवीने मौन ठेवलं आहे. कवितेत असं करतात. मी समासात टिपण लिहिणार होते की ही जागा इतकीच ठेवायची का, तेवढ्यात कर्सर चुकून त्या जागेत गेला आणि शब्दाशब्दावर अडखळत चालला. तिथे चार कडवी होती. काळ्यावर काळी.

कारण साधं आहे. मजकुराचा रंग ‘आपोआप’ असेल तर लिब्रेऑफिस कागद गडद दिसताच अक्षर पांढरं करतं, आणि छापताना पुन्हा काळं. पण पाठवणाऱ्याच्या फाइलीत एखाद्या परिच्छेदाला ‘काळा’ हा रंग मुद्दाम किंवा नकळत लागलेला असेल, तर तो काळाच राहतो, मग कागद कोणताही असो. वेगवेगळ्या ठिकाणांहून चिकटवलेल्या मजकुरात हे हमखास असतं. सगळा मजकूर निवडून रंग ‘आपोआप’ करता आला असता. पण तो बदल ‘ट्रॅक चेंजेस’मध्ये, म्हणजे संपादकाला दिसणाऱ्या दुरुस्त्यांच्या नोंदीत, नोंदला जातो, आणि संपादकाला माझ्या चार खऱ्या दुरुस्त्या शंभर रंगबदलांच्या ढिगातून शोधाव्या लागल्या असत्या. शिवाय ती फाइल माझी नाही. लेखकाच्या फाइलीला मी दुरुस्तीपुरताच हात लावते. माझ्या डोळ्यांच्या सोयीसाठी नाही.

म्हणून दुसऱ्यांच्या हस्तलिखितांसाठी गडद कागद सोडला. तो निर्णय सोपा नव्हता, तीन आठवड्यांची मेहनत त्यात होती. पण पांढऱ्याकडे परत जायचं नव्हतं, आई अजून तिथेच झोपत होती. मधला रस्ता शोधताना मला जुन्या ग्रंथांच्या पानांचा रंग आठवला. लाल १९०, हिरवा १८०, निळा १५५. मातकट, थोडा हळदीकडे झुकलेला. यावर काळं अक्षर सुमारे १० ला १ने उठून दिसतं, आणि हा कागद पांढऱ्याच्या निम्म्याहून कमी प्रकाश देतो. निळा भाग कमी असल्याने तो खोलीत पांढऱ्यासारखा फटफटीत पसरत नाही. अक्षर काळंच असल्यामुळे बारीक रेघांचा हिशेब पुन्हा माझ्या बाजूने. ‘दऱ्या’ची ती चिमुकली रेघ स्पष्ट दिसते. आणि भोवती सगळं गडद असल्यामुळे नजर आपोआप कागदावर राहते. आता माझ्या पडद्यावर गडद चौकटीत एक मातकट पान असतं. मी स्वतः टिपणं लिहिते त्या एक्सेड संपादकात मात्र गडद पार्श्वभूमी आणि मुक्ता मध्यम, कारण तिथला प्रत्येक शब्द माझाच असतो.

पीडीएफ प्रुफांसाठी एक्सरीडरमध्ये कंट्रोल आणि आय दाबलं की रंग उलटतात. ते मी नुसत्या मजकुराच्या पानांना वापरते. चित्रं असतील तर माणसांचे चेहरे फिल्मच्या निगेटिव्हसारखे होतात, आणि अर्कचित्रांच्या अंकात ते बघवत नाही.

काही बारीक गोष्टी राहिल्या होत्या, त्या हळूहळू उरकल्या. काळ्या खिडकीवर काळी खिडकी आली की कुठली कुठे संपते ते कळत नाही आणि सावलीही दिसत नाही. म्हणून कडेला फिकट रेघ असलेली चौकट निवडली. ती रेघ एका ठिपक्याची, माऊसने पकडता येत नाही, पण ऑल्ट दाबून उजव्या बटणाने ओढलं की खिडकी कुठूनही लहान-मोठी होते. पट्टीवरची वाय-फायची आणि बॅटरीची चिन्हं काळ्यात हरवली होती. पॅपिरस-डार्क चिन्हसंच घेतल्यावर ती उजळ झाली. माऊसचा बाण पांढरा केला. भिंतचित्र काढूनच टाकलं, साधा गडद राखी रंग ठेवला. पडद्याचा रंग वेळेनुसार बदलणाऱ्या रेडशिफ्टमध्ये साताऱ्याचे १७.७ अक्षांश आणि ७४ रेखांश हाताने भरले. सूर्य मावळला की पडदा आपोआप तांबूस होत जातो. मुखपृष्ठाचे रंग बघायचे असतील तेव्हा मात्र ते आधी बंद करावं लागतं. एकदा विसरले आणि निळा शालू जांभळा समजून विचारणा केली.

दिवसा मी फिकट थीमच वापरते. खिडकीतून ऊन येत असताना काळा पडदा आरसा होतो, त्यात अक्षरांआधी स्वतःचा चेहरा दिसतो. भाच्याने दोन छोट्या स्क्रिप्ट लिहून पट्टीवर दोन बटणं करून दिली, एकावर सूर्य, एकावर चंद्र. थीम, चौकट, चिन्हं, तिन्ही एका टिचकीत बदलतात. उघड्या खिडक्या बंदही कराव्या लागत नाहीत. थीम आणि चिन्हांची नावं एक्सएफसीई ज्या जागी साठवतं तिथे दुसरं नाव लिहायचं, एवढंच ते काम. पण फॉन्ट मी दिवसरात्र मुक्ताच ठेवला. दिवसा साधी जाडी, रात्री मध्यम.

एक गोष्ट या निमित्ताने कळली ती नोंदवते, विषयाला सोडून असली तरी. शासनाच्या वर्णमालेत मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवलेला आहे. काही फॉन्टांच्या पोटात हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली असेल तरच मराठी वळण पुढे येतं. लिब्रेऑफिसमध्ये माझ्या परिच्छेदांची भाषा इतकी वर्षं हिंदी राहिली होती. ती मराठी केली आणि पानावरचे सगळे ‘ल’ बदलले. मी बराच वेळ नुसती बघत बसले होते.

तो सह्याद्रीचा लेख मी मातकट कागदावर पुन्हा पूर्ण वाचला. सकाळच्या प्रिंटवर मिळालेल्या तीन चुकांशिवाय आणखी एक सापडली, ‘कातळकड्यांनी’वरचा अनुस्वार गेलेला. ती उन्हातही सुटली होती. चारही दुरुस्त्या संपादकांकडे पाठवल्या आणि पहिल्या खेपेला राहून गेल्याबद्दल क्षमा मागितली.

नवरात्रात आईच्या डोळ्याची शेवटची तपासणी झाली, कवच कधीच सुटलं होतं. नव्या भिंगामुळे तिला पांढरं फार पांढरं, निळसर दिसतं. ट्यूबलाइटकडे बघताना ती हात आडवा धरते. चष्म्याचा नवा नंबर अजून मिळायचा होता आणि तिचं रोजचं वाचन बंद पडलं होतं. एका संध्याकाळी मी हरिपाठाचे अभंग लिब्रेऑफिसमध्ये २८ आकारात लावून लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. आधी सवयीने सूर्याचं बटण दाबलं आणि कागद पांढरा केला. तिने डोळे मिटले.

“अगं, हा नको. तू रात्री वाचतेस ना, तो लाव.”

मी मातकट कागद लावला. ती पुढे झुकली, बोटाने ओळ धरली, पहिला अभंग संपवला आणि दुसऱ्यावर गेली. पान खाली कसं सरकवायचं तेवढं तिने विचारून घेतलं.

“पोथीसारखा आहे,” वर न बघता ती म्हणाली.